साहेब, हवा किती?

मे महिन्यात आम्ही बर्फ पाहून परत आलो, तेव्हापासून नागपूरच्या नंदनवनातल्या आमच्या गल्लीत एकच विषय चालू आहे. सुमतीनं म्हणे नवऱ्याची चारचौघात इज्जत काढली. भाजीच्या ठेल्याजवळ तेच, मंदिराच्या ओट्यावर तेच. परवा तं एकीनं मलेच विचारलं, "तू तं होती ना वं गाडीत, मग आवरलं काहून नाही तिले?" मी म्हटलं, बाई, माझे हात थंडीनं आखडले होते म्हणून, नाही तं टाळ्या वाजवल्या असत्या. आता मीच सांगते काय झालं ते. ज्याले पटन त्याले पटन, नाही पटलं त्यानं आपल्या घरी जावं.

सुमती आमच्या समोरच्या घरात राहते. एका कॉलेजच्या ऑफिसात जन्मभर नोकरी केली अन रिटायर झाली. तिची बोली मला-तुलावाली, माझी मले-तुलेवाली, पण आमचं जमते. तिचे यजमान श्रीधरराव बँकेत मोठ्या खुर्चीवर होते. गल्लीत सगळे त्यायले साहेब म्हणतात, माझा नवरा नत्थूजी तं दोन वेळा म्हणते. आमचं हार्डवेअरचं दुकान आहे, अन कोणी इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात आलं की नत्थूजीची कंबर आपोआप वाकते. माणूस म्हणून श्रीधरराव वाईट नाहीत. दारू नाही, आवाज चढवणं नाही, बायकोच्या वाढदिवसाले आठवणीनं साडी. हेच तं माझं डोकं फिरवते. वाईट माणसाशी भांडता येते, चांगल्या माणसाशी कसं भांडावं?

सुमती पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकली. तेव्हा गावाबाहेरचं बेसा असं भरलं नव्हतं. रस्ते आखून ठेवलेले, अन घर एखाद-दुसरं. त्या मोकळ्या रस्त्यांवर रोज पहाटे क्लासच्या गाडीवर शिकायची. पहिल्या दिवशी परत आली तं माझ्या स्वयंपाकघरात बसली अन कपातला चहा तसाच थंड करून टाकला. मी विचारलं, भ्याली का वं? म्हणे, "नाही गं, मजा आली." तो चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता. मग तिनं आपल्याच पैशानं, आपल्याच नावावर गाडी घेतली.

बायको शिकली म्हटल्यावर श्रीधरराव मागं कसे राहतीन? तेही शिकायले गेले. दोन-चार दिवसांत त्यायनं क्लासची गाडी दुभाजकावर चढवली, अन त्या दिवसापासून त्यायची पाठ दुखायले लागली. डॉक्टरनं म्हणे गाडी चालवायले मनाई केली. कोणत्या डॉक्टरनं, कधी, ते आजतागायत कोणाले माहीत नाही. तीच पाठ दिवाळीत जाळे काढायले स्टुलावर चढते, तीच पाठ गणपतीत पाट उचलते. लोकायले सांगायचे, "मी चालवत नाही, हिला हौस आहे ना, चालवू दे." म्हणजे ऐकणाऱ्याले वाटावं की साहेबच उस्ताद अन बायको शिकाऊ. खरी गोष्ट सुमतीनं फक्त मले सांगितली, अन वर बजावलं की कुठं बोलू नको, त्यांना लागतं. नाचता येईना अंगण वाकडं, पण ते अंगण झाकून ठेवायचं काम बायकोचं.

आता हवेचं ऐका. आपल्या इथं पंपावर गाडी लागली की हवावाला गाडीत कोण बसलं आहे ते पाहते. चालवणारी बाई असली, अन बाजूले माणूस असला, तं तो बाईची खिडकी सोडून, बोनेटले वळसा घालून, पलीकडे जाऊन विचारते, "साहेब, हवा किती?" स्टिअरिंग इच्या हातात, ब्रेकवर पाय इचा, अन टायरात हवा किती ते साहेबाले विचारायचं. म्हणजे भात कोणी शिजवला ते पाहायचंच नाही, मीठ किती ते पाहुण्याले विचारायचं. अन साहेबही सांगतात. कधी तीस, कधी पस्तीस, जो आकडा तोंडात येईन तो. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ भाजणारे दिवस, लागायच्या आधी तं ठरलेलंच, "कमी ठेव रे, ऊन आहे, टायर फुटेल." आपल्या नागपुरात हे सगळेच म्हणतात, बापजाद्यापासून म्हणतात. उन्हात हवा फुगते म्हणून आधीच कमी भरा. सुमती म्हणते उलट आहे, हवा कमी असली की टायर जास्त दबते, जास्त तापते अन मग फुटते. गाडीवर कंपनीनं आकडे चिकटवून दिले आहेत. चालवणाऱ्याचं दार उघडलं की समोरच दिसतात. पण ते दार साहेबानं उघडलं असन तेव्हा ना.

मग सुमती काय करे? काही नाही. साहेबांच्या आकड्याची हवा भरून घे, त्यायले घरी सोडे, अन भाजी आणायच्या निमित्तानं दुसऱ्या पंपावर जाऊन बरोबर हवा भरून येई. दर वेळी. इतकी वर्षं त्या गाडीत दोनदा हवा भरली गेली, एकदा नवऱ्याच्या मनासाठी अन एकदा टायरसाठी. मले कळलं तेव्हा मी तिच्यावरच चिडली. म्हटलं, "काहून बोलत नाहीस वं? तोंड नाही का तुले?" ती हसली. "कशाला वाद, कौशल्या. पाच मिनिटांचं तर काम आहे."

पाच मिनिटांचं काम. आपल्या सगळ्या बायकांचं आयुष्य अशा पाच-पाच मिनिटांत गेलं, अन हिशेब कोणी मागितला नाही.

बर्फाची गोष्ट तिनं माझ्याजवळ काढली तेव्हा उन्हाळा तोंडावर होता. म्हणे, "कौशल्या, मला स्वतः गाडी चालवत बर्फापर्यंत जायचं आहे. बसमधून नाही, टॅक्सीतून नाही. शेवटच्या वळणापर्यंत स्टिअरिंग माझ्या हातात पाहिजे. गुडघे आहेत तोवर." अन पुढं म्हणे, "पाहायचं आहे मला, मी कुठवर जाऊ शकते." मी लगेच हो म्हटलं. बर्फाचं मले काही कौतुक नाही, फ्रीजमध्ये पाहिजे तेवढं असते. पण ती मागून राहिली होती ते बर्फ नव्हतं, एवढं मले कळलं.

श्रीधरराव तयार झाले, पण शर्त घालून. मनालीपर्यंत हिनं चालवावी, वरच्या घाटात तिथला ड्रायव्हर घ्यायचा. "घाट म्हणजे काय अमरावती रोड नाही," असं त्यायनं नत्थूजीले सांगितलं अन नत्थूजीनं मान हलवली. सुमती म्हणाली, "तिथे गेल्यावर पाहू." मले माहीत होतं, ती तिथं चावी सोडणार नाही. निदान मले तसं वाटत होतं.

सीताबर्डीले भर मे महिन्यात आम्ही हातमोजे शोधत फिरलो. दुकानदार आमच्याकडे पाहून म्हणे, मावशी, डोकं ठीक आहे ना? पुडाच्या वड्या, तिखट पुऱ्या, शंकरपाळे बांधले अन निघालो. समोर श्रीधरराव, मागं मी अन नत्थूजी. निघतानाच पंपावर तो वळसा झाला. साहेब, हवा किती? साहेब म्हणाले, ऊन पाहता कमीच ठेव. पुढं सिवनीले नाश्त्याले थांबलो, दोघं पुरुष हात धुवायले गेले, तेवढ्यात सुमतीनं शेजारच्या पंपावर जाऊन हवा बरोबर करून आणली. आग्र्याजवळ पुन्हा तेच. साहेबांनी संध्याकाळी काढली, हिनं सकाळी त्यांच्या आंघोळीच्या वेळेत भरली. मीही सोबत गेली. चिडत गेली, पण गेली.

तीन दिवस तिनं गाडी अशी चालवली की नत्थूजी मागं घोरत होते. यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मले तरी माहीत नाही. मनालीले पोचलो, मुक्काम केला. सकाळी थंडी अशी की तोंडातून वाफ निघून राहिली. सुमती म्हणाली, "घाट मीच चढवते. नाही जमलं तर सांगेन." साहेबांनी नाकावरचा चश्मा वर केला अन म्हणाले, बघू. तिच्यासाठी तेवढं बस होतं.

गावाच्या टोकाले एक टायरचं दुकान होतं. आम्ही दोघी बाथरूम शोधायले मागच्या हॉटेलात गेलो. तेवढ्यात इकडं साहेबायले मोबाईलवर वाचलेलं काही आठवलं. बर्फात टायर मऊ पाहिजे म्हणे, म्हणजे पकड राहते. त्यायनं दुकानदाराले सांगितलं, चारी टायरची हवा काढ, बावीस ठेव. दुकानदार काही बोलला असन, पण साहेबांचा आवाज बँकेतला. नत्थूजी बाजूले उभे राहून "बरोबर आहे साहेब" म्हणून राहिले होते. हे त्यायनंच मले मागाहून सांगितलं, अन तेही अभिमानानं.

आता मऊ टायरची गोष्ट अगदीच खोटी आहे असं सुमतीही म्हणत नाही. गुडघाभर भुसभुशीत बर्फात गाडी रुतली तं हवा काढून ती बाहेर काढतात. पण आम्ही रुतायले नव्हतो चाललो. वरचा रस्ता मशीननं साफ केलेला डांबरी रस्ता, त्यावर पाणी, कुठं बर्फाचा पापुद्रा, कुठं खड्डे अन धारदार दगड. गाडीत चार मोठी माणसं अन डिकीत आठवडाभराचं सामान. थंडीनं टायर आधीच बसते, त्यात ह्यांनी अजून काढली.

दोन वळणं झाली नाहीत तं गाडी जड वळून राहिली इकडं सुमतीचं लक्ष गेलं. आरशात तिची नजर मले दिसली. ती हळूच म्हणाली, "अहो, हवा पाहिली होती का?"

"पाहिली ना. बर्फासाठी कमी करून घेतली, चारीतली." असं म्हणून श्रीधररावांनी शंकरपाळ्यांचा डबा उघडला.

 ती काय शोधून राहिली ते मले दिसत होतं. पंपाचा बोर्ड. एखादं टिनाचं दुकान, बाहेर लटकवलेलं टायर, काहीही. आयुष्यभराची सवय, दुसरा पंप. अन तिथं काय होतं? एकीकडे डोंगर, एकीकडे दरी. मागं वळावं म्हटलं तं सकाळी गाड्या फक्त वरच सोडतात, मागं गाड्यांची रांग. मी मनात म्हटलं, बोल वं बाई आता, बोल. ती स्टिअरिंग घट्ट धरून चालवत राहिली.

एका वळणावर गाडी नको तितकी बाहेर गेली. फार नाही, पण दरी खिडकीत दिसली इतकी. मागचा भाग थोडा हलला, जशी चिखलात म्हैस मागचा पाय टाकते. सुमतीनं सावरली. अन साहेब ओरडले, "सांभाळ, सांभाळ. म्हटलं होतं ना घाट तुझ्या हातचा नाही." पुढच्या वळणावर पुन्हा तसंच. "काय करते आहेस तू? जमत नसेल तर थांबव." नत्थूजी मागून, "वहिनी, हळू जी."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी त्या दिवशी कानानं ऐकल्या. टायर ह्यांनी मऊ केले, गाडी ह्यांच्यामुळं डोलून राहिली, अन दोष तिच्या हातायले. ज्या हातांनी तीन दिवस ह्यायले झोपवत आणलं. मले वाटलं डबा हिसकावून साहेबांच्या डोक्यावर उपडा करावा. पण मी बोलली असती तं तिनं इतकी वर्षं झाकलेलं मीच उघडं पाडलं असतं. ते तिचं होतं उघडायचं.

थोडं वर रस्ता रुंद झाला. तिथं चहाची एक टपरी, दोन-तीन टॅक्स्या अन एक ट्रक उभा. साहेबांनी गाडी थांबवायले लावली. उतरले, टपरीवर गेले, अन एका माणसाले सोबत घेऊन आले. चांगला पन्नाशीचा, कानटोपी घातलेला ड्रायव्हर. म्हणाले, "हे इथले आहेत. वर हेच नेतील. चावी दे."

सुमती गाडीच्या बाहेर उभी होती. चावी तिच्या मुठीत. थंडीनं नाक लाल झालेलं. श्रीधररावांनी हात पुढं केला होता, अन तो ड्रायव्हर बिचारा मधात उभा. मी सांगते, त्या क्षणाले ती चावी देणारच होती. हात अर्धा उचलला होता तिनं. मी तिच्याकडे अशी पाहिली की बाई, तू चावी दिलीस तं मी इथून पायी नागपूरले जाईन.

तिनं हात खाली घेतला. म्हणाली, "टायरमध्ये हवा कमी आहे. म्हणून गाडी डोलते. माझ्या हातामुळे नाही."

"कमीच पाहिजे. बर्फात कमीच लागते."

"इथे नाही लागत. गाडी भरलेली आहे, रस्ता दगडांचा आहे. तेहतीस पाहिजे." अन मग तिच्या तोंडून निघालं, "तुम्ही सांगितलेली हवा मी नेहमीच बदलते. दर वेळी दुसऱ्या पंपावर जाऊन."

मले वाटलं आता साहेब गडबडतीन. साहेब हसले. खरंच हसले. म्हणाले, "मला काय माहीत नाही? माहीत आहे की. तू करतेसच नंतर दुरुस्त. म्हणून तर मी काही म्हणत नाही."

ऐकलं का? माहीत होतं. माणसाले सगळं माहीत होतं. भर उन्हात बायको दुसऱ्या पंपावर रांगेत उभी राहते हे माहीत होतं, तरी दर वेळी खिडकीतून आकडा फेकायचा, कारण आकडा चुकला तरी निस्तरायले कोणी आहे. उंटावरून शेळ्या हाकणारे मी पाहिले आहेत, पण शेळ्या दुसरंच कोणी वळवून आणते हे माहीत असून हाकणारा मी पहिल्यांदा पाहिला. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की थंडी पळाली.

सुमतीनं वाकून पुढचं टायर अंगठ्यानं दाबून पाहिलं. मग म्हणाली, "इथे दुसरा पंप कुठे आहे?"

साहेबांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. दरी पाहिली. आता कुठं त्यायच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. आपण चौघं कशावर बसून आलो ते त्यायले तेव्हा कळलं असन.  चूक झाली हे दोन शब्द त्यायच्या बँकेत चालत नसावे.

ट्रकच्या ड्रायव्हरनं हे सगळं ऐकलं होतं. सरदारजी होता, दाढी पांढरी, नागपूरच्या फेऱ्या करून मराठी समजणारा. ट्रकच्या ब्रेकच्या टाकीत हवा असते, तिले नळी लावून टायर भरता येते. त्यानं स्वतःच नळी काढली, मीटर काढलं अन आमच्या गाडीजवळ आला. भला माणूस. पुढच्या टायरजवळ बसला, मान वर केली अन विचारलं. कोणाले? सुमती त्याच्यापासून हातभर अंतरावर, चावी हातात घेऊन उभी. आत्ताच तिनं त्याच्यादेखत आकडा सांगितला. अन तो तिच्या डोक्यावरून पलीकडे पाहून विचारते, "कितना रखना है, साहब?"

अन साहेब काय म्हणाले असतीन? घसा खाकरला, दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले, अन बँकेच्या आवाजात म्हणाले, "तैंतीस. तैंतीस रखो. गाडी लोडेड है."

तिचाच आकडा. तिचंच कारण. आताच तिच्या तोंडून निघालेलं, अजून गरम. अन नत्थूजी, माझा नवरा, ज्याच्याशी मी लग्न केलं, तो म्हणते, "बरोबर आहे साहेब."

आता गल्लीवाल्यायनो, पुढचं नीट ऐका, कारण तुम्ही फक्त हेच ऐकलं आहे. सुमतीनं आवाज चढवला नाही. ती सरदारजीकडे वळली अन रोज दूधवाल्याशी बोलते तशी बोलली. "भाईसाहब, साहब को गाडी चलाना नहीं आता. मुझसे पूछिए."

टपरीवरचा चहावाला थांबला. टॅक्सीवाल्यायनं माना वळवल्या. श्रीधररावांचा चेहरा असा उतरला, जशी भिंत ओल्या पोतेऱ्यानं पुसून काढावी. नत्थूजीनं मात्र मनापासून म्हटलं, कारण त्यायले खरंच काही माहीत नव्हतं, "वहिनी, असं काहून बोलता जी? साहेबांची पाठ..."

"पाठ चांगली आहे," सुमती म्हणाली.

बस. एवढंच बोलली ती. इज्जत काढली म्हणता ना, ती ही. तिनं एक खोटी गोष्ट उचलायची बंद केली, अन ती खाली पडली. पडल्याचा आवाज झाला तं तो तिचा दोष? चार माणसं दरीत जाता जाता राहिली त्याचं कोणाले काही नाही. त्यावर नंदनवनात एक शब्द नाही. पण साहेबांची पाठ चांगली आहे हे बोलली, ते मात्र पाप.

सरदारजी उठून उभा राहिला. तिच्यासमोर येऊन विचारलं, "कितना, बहनजी?" तिनं पुढच्याचं सांगितलं, मागच्याचं सांगितलं, अन प्रत्येक टायरजवळ स्वतः वाकून मीटर पाहिलं. कानटोपीवाल्या ड्रायव्हरले म्हणाली, तुम्हाला उगाच त्रास झाला भैया, चहा घेऊन जा. चहा मी पाजला. मग सुमतीनं दार उघडलं अन बसली. साहेब मागं जाऊन बसले, नत्थूजीच्या शेजारी. मी पुढं बसली, पहिल्यांदा.

त्यानंतरचा घाट मी तुम्हाले काय सांगू. तीच गाडी, तीच बाई, तेच वळण. कुठं डोलणं नाही, कुठं घसरणं नाही. बर्फाचा पापुद्रा आला की ती ब्रेकले पाय लावत नव्हती, हळूच गियर खाली घे अन तशीच पार होई. मागच्या सीटवर कोणी "सांभाळ" म्हटलं नाही. नत्थूजी घोरलेही नाहीत.

वर पोचलो. दोन्ही बाजूले बर्फाच्या भिंती, माणसापेक्षा उंच. खरं सांगू तं बर्फ काही फार पांढरा नव्हता, गाड्यांच्या धुरानं कडा काळ्या झाल्या होत्या, अन लोक भाड्याचे कोट घालून फोटो काढून राहिले होते. सुमतीनं गाडी एका बाजूले लावली, हातमोजे काढले अन उघडा तळहात भिंतीले लावला. बराच वेळ तशीच उभी राहिली. मी जवळ गेली.

"वाईट वाटून राहिलं का वं?" मी विचारलं.

"वाटायला पाहिजे ना गं," ती म्हणाली. "मी वाट पाहते आहे वाटायची. अजून काही वाटलं नाही."

आम्ही दोघी हसलो. ती रडली पण थोडी, ते थंडीनं का कशानं ते मी विचारलं नाही.

अन मागं वळून पाहतो तं काय. श्रीधरराव मागच्या सीटवरून उतरून चालवायच्या सीटवर जाऊन बसलेले. काच खाली, एक हात खिडकीवर, एक हात स्टिअरिंगवर, चश्मा पुसून घातलेला. समोर नत्थूजी मोबाईल धरून उभे, "साहेब, थोडं इकडं पाहा. हाव, असंच. मागचा बर्फ मस्त येऊन राहिला." फोटो ग्रुपवर टाकायचा होता. आपली गाडी, आपला बर्फ, आपण स्टिअरिंगवर.

मी पाय उचलला तं सुमतीनं माझा हात धरला अन स्वतः पुढं गेली. बर्फात पाय रुतत होते, तरी सरळ गेली. नत्थूजीच्या अन गाडीच्या मधून जाऊन तिनं दार उघडलं अन दार धरून उभी राहिली.

"उतरा," ती म्हणाली.

श्रीधररावांनी नत्थूजीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "अगं, मी फक्त फोटोपुरता बसलो आहे."

"माहीत आहे," सुमती म्हणाली. "म्हणूनच उतरा."